तान लागली हुती

गेल्या हिवाळ्यात मला कोणी विचारलं असतं, की तुला सगळ्यात जास्त कुणाची आठवण येते, तर मी नवऱ्याचं नाव घेतलं नसतं, मुलीचं घेतलं नसतं, गेलेल्या आईचंही घेतलं नसतं. मी म्हटलं असतं, पाण्याची. सरबत नको, उसाचा रस नको. नळाचं साधं पाणी, उभ्यानं, मान वर करून, गळ्यातून गटगट आवाज येईपर्यंत प्यायचं. ते मला स्वप्नात दिसायचं आणि स्वप्नातसुद्धा कुणीतरी पेला काढून घ्यायचं.

मी मंदा. बसवर कंडक्टर आहे, एकोणीस वर्षं झाली. लिहिण्याची सवय रजेच्या अर्जापुरती. हे लिहायला लावलं ते शीला सिस्टरनं. ती डायलिसिसच्या खोलीत काम करते. नवीन पेशंट, त्यातही बाया, पहिल्या दिवशी मशीन बघून पांढऱ्याफटक पडतात, त्यांच्या हातात काहीतरी वाचायला हवं, असं तिचं म्हणणं. "डॉक्टरकीचं लिहू नका मंदाताई. ती पुस्तकं आमच्याकडे कपाटभर पडलीत. तुमचं काय झालं तेवढं लिहा."

जे झालं ते लिहायचं म्हणजे त्यात मी केलेली एक चोरीसुद्धा लिहायला हवी. ती आजवर एकाच माणसाला सांगितली आहे. आता तुम्हालाही सांगते.

बूट

सुरुवात बुटापासून झाली. डाव्या पायात बूट चढेना. दिवसभर उभं राहून पाय सुजले असतील, असं म्हणून मी चपला घालून ड्युटीवर गेले. कंबर तर दोन वर्षांपासून धरलेली होती आणि तिच्यावर माझ्याकडे मेडिकलमधून आणलेली गोळी होती. सकाळी एक, फारच झालं तर दुपारी आणखी एक. कुणाला विचारून घ्यावी असं कधी डोक्यात आलं नाही.

त्यात ड्युटीवर पाणी प्यायचं नाही, हा माझा नेम. पाणी प्यायलं की उतरावं लागतं, आणि गाडीभर माणसं खोळंबून ठेवून कंडक्टरबाईनं आडोसा शोधत फिरायचं, ही कल्पनाच मला सहन होत नसे. नगरहून कोल्हारला जाऊन परत येईपर्यंत एक घोट नाही. काय सांगू, मला त्याचा अभिमान होता. नव्यानं लागलेल्या पोरींना मी तो शिकवायचेसुद्धा. त्यातली एखादी हे वाचत असेल तर बाई, मी चुकीचं शिकवलं. पाणी पी आणि गाडी खुशाल थांबव.

एके दिवशी राहुरीच्या पुढे एका म्हातारीला तिकीट देत होते. तिनं तिकीट घेतलंच नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "बाय, तुझं त्वांड लई सुजलंय. माझ्या जावंचं आसंच झाल्तं. दवाखान्यात जा." मी म्हटलं, "आजी, पुढं सरका." उतरताना ती परत म्हणाली, "जा गं."

तिची जाऊ आता कशी आहे, ते विचारायचं राहून गेलं. नंतर वाटलं, विचारलं नाही तेच बरं.

दोन दिवसांनी मी आणि विलास, म्हणजे माझा नवरा, डॉक्टरांसमोर बसलो होतो. डॉक्टर म्हणाले, दोन्ही मूत्रपिंडांनी काम थांबवलंय. गोळ्यांनी, आणि पाणी न पिण्यानं.

"थांबवलंय म्हणजे कायमचं?" विलासनं विचारलं.

"ते आज सांगता येणार नाही. दोन-तीन महिन्यांत जागी झाली तर झाली. तोवर आठवड्यातून तीनदा मशीन. नाही झाली, तर मशीन कायम. आणि पाणी मोजून. दिवसाला पाऊण लिटर. चहा, वरण, औषधाचा घोट, सगळं त्यात धरून."

मी हसले. खरंच हसले. "डॉक्टर, पाण्याची मला सवयच नाही," म्हटलं. डॉक्टर हसले नाहीत. आपण होऊन उपास करणं निराळं आणि कुणी पुढ्यातलं ताट उचलून नेणं निराळं, हे मला त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत कळलं. बाहेर आल्यावर विलास बराच वेळ मोटारसायकलची किल्ली शोधत राहिला. ती त्याच्या हातातच होती.

चुगलखोर काटा

मंगळवार, गुरुवार, शनिवार. मानेत बसवलेल्या नळीला मशीन जोडायचं आणि चार तास पडून राहायचं. दुखत नाही फारसं. थंडी वाजते, पायात गोळे येतात, आणि आपलं रक्त पारदर्शक नळीतून बाहेर जाताना दिसतं. पहिल्या दिवशी मी डोळे मिटून घेतले. शेजारच्या खाटेवरचे एक गृहस्थ म्हणाले, "घाबरायचं काय त्यात? गाडीचं ऑइल बदलतात तसं. मला सहा वर्षं झाली." त्यांना धीर द्यायचा होता. मी मात्र घरी येईपर्यंत सहा वर्षं, सहा वर्षं एवढंच मनात घोळवत राहिले. सहा वर्षांत पूजाचं, माझ्या मुलीचं, शिक्षण संपलं असतं, लग्नही झालं असतं, आणि मी मंगळवार-गुरुवार-शनिवार तिथेच.

आत जाताना वजन करतात, बाहेर येताना करतात. मधल्या दिवसांत तुम्ही किती पाणी ढोसलं, ते काटा चव्हाट्यावर मांडतो. शीला सिस्टर काट्याकडे बघून म्हणायची, "काल कुणीतरी वरणाचं पातेलं चाटलेलं दिसतंय." तिच्या बोलण्यानं कधी लागलं नाही. घरच्यांच्या बोलण्यानं लागायचं.

विलासनं एका बाटलीवर पेनानं रेघा मारल्या होत्या. सकाळी ही रेघ, दुपारी ही, संध्याकाळी ही. तो कारखान्यात पाळीवर गेला की पूजा पहारा करायची. तिची बारावी होती. एकदा दात घासताना चूळ भरायच्या निमित्तानं मी घोटभर गिळलं आणि ते तिनं आरशात पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून मी दात घासायला लागले की ही रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन मोरीच्या दारात उभी. मी खेकसले, "मी तुझी आई आहे, चोर नाही." ती म्हणाली, "मग चोरासारखं पिऊ नको ना, मम्मी." त्या दिवशी आम्ही दोघी वेगवेगळ्या खोल्यांत रडलो.

बर्फाचा एक खडा, तोही बाटलीतल्या पाण्याच्या हिशेबात, जिभेवर ठेवून संध्याकाळच्या उन्हात बसायचं, हे माझं दिवसभरातलं सुख. त्यावर लिंबाचा एक थेंब टाकायची युक्ती सिस्टरची. तुम्हीही करून बघा, पण डॉक्टरांना विचारून.

पायरी

केडगावात आमचं बैठं घर आहे. प्लॉट पाडलेली कॉलनी, सगळी घरं साधारण सारखीच. समोर हातभर अंगण, त्यात एक लिंबोणी. फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला कडुनिंब. शेजारच्यांचा शेवगा कुंपणावरून आमच्याकडे झुकलेला. एवढी वर्षं मी इथे राहते, पण उजाडायच्या आत निघायचं आणि दिवे लागल्यावर यायचं. झाड म्हणजे झाडून काढायचा पाला, एवढीच माझी ओळख.

आता मला पायरीवर बसण्यावाचून काही काम नव्हतं. आणि शेजारी बसायला आबा होते.

आबा म्हणजे माझे सासरे. काष्टीला असतात, तिथे त्यांची लिंबाची थोडी बाग आहे. सासूबाई गेल्यापासून एकटेच करून खातात आणि कुणाकडे चार दिवसांच्या वर टिकत नाहीत. मी आजारी पडल्याचं कळलं तसे पिशवी घेऊन आले आणि राहिले. "बाग वाट्यानं करनारा हाय, त्यो बघंल," म्हणाले. आमच्यात लग्न झाल्यापासून जेवढं बोलणं झालं नव्हतं, तेवढं त्या दीड महिन्यात झालं. ते सगळं झाडांबद्दल होतं.

एका सकाळी ते म्हणाले, "त्यो शेवगा बघ. कळी सुटली." मला पानांशिवाय काही दिसेना. त्यांनी बोट धरून दाखवल्यासारखं फांदीफांदीवरून नेलं, तेव्हा पांढरट ठिपके दिसले. आठवड्यात तिथे फुलांचे झुबके लटकले आणि त्यांच्यावर मधमाश्यांची अशी झुंबड, की सकाळी आठच्या गाडीची आठवण यावी. वारा आला की फुलं आमच्या पायरीवर सांडायची. आबा ती वेचून पूजाला भाजी करायला लावायचे. अळणीच व्हायची माझ्यासाठी, पण गोड लागायची.

मग ऊन बदललं. पौषात ते पायरीच्या खालच्या दगडापर्यंत यायचं, आता दारापर्यंत आत यायला लागलं. सकाळी स्वेटर, अकराला नकोसा. कडुनिंबाची पानं पिवळी पडून सरसर खाली यायला लागली. समोरच्या वहिनी रोज दोनदा झाडायच्या आणि झाडाला शिव्या घालायच्या. आबा म्हणायचे, "ह्यो आता नागवा हुनार. शिवरातीला थंडी शिव शिव म्हनत गेली की मंग बघ, कसा तांबडा फुटतो." कुठूनतरी एक कोकीळ ओरडायला लागला होता. अर्धंच ओरडून थांबायचा. "गळा बसलाय त्येचा," आबा म्हणाले. "पंधरा दिस जाऊ दे."

मला वाटायचं, पंधरा दिवसांनी मी कुठे असेन. हे सगळं मी पहिल्यांदाच येताना बघत होते. एवढ्या वर्षांत हे दर माघात माझ्या दारात येऊन गेलं असणार, आणि मी राहुरीच्या फाट्यावर बेल मारत होते. आता डोळे भरून बघते आहे, तर पुढच्या वर्षी बघायला मिळेल की नाही, ते डॉक्टरसुद्धा सांगत नाहीत. मला ते सगळं हवं होतं. कडुनिंबाची पालवी हवी होती, कोकिळाचा सुटलेला गळा हवा होता, आणि त्याबरोबर पेलाभर पाणी हवं होतं.

लिंबोणी

एकच झाड मला आवडेनासं झालं होतं, ते लिंबोणीचं. आबांनी आल्या आल्या तिचं पाणी बंद केलं होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बागाईतदार बहार धरायच्या आधी झाडाला ताण देतात, म्हणजे महिना-दीड महिना पाणी तोडतात. पानं मलूल होतात, काही गळतात, झाड आजारी दिसतं. मग आळं खणून, खत घालून हलकं पाणी द्यायचं, की पंधरा-वीस दिवसांत फुलं लागतात. आबा आमच्या एकुलत्या झाडालाही दरवर्षी येऊन ताण देऊन जात.

त्या वाळक्या पानांकडे बघून एकदा मी म्हटलं, "माझंच चाललंय की हो तिच्यासारखं." आबांना ते आवडलं नाही. "तिला ताण देनाऱ्याला म्हाईत आसतं कधी सोडायचा त्ये," म्हणाले. "पानं गळाली की पानी द्यायचं. लाकूड वाळायची वाट बघायची न्हाई." आणि माझ्या मनगटाकडे बघत राहिले. बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या.

एक शब्द

मी आतापर्यंत हा शब्द शुद्ध लिहिला, म्हणून तुम्हाला तो 'ताण' दिसला. पण आबांच्या तोंडी णचा न होतो. ते 'तान' म्हणतात. आणि तहान लागली, हे त्यांच्या बोलीत कसं म्हणतात? तान लागली. दोन्ही शब्द त्यांच्या जिभेवर एकच.

जानेवारी संपत आला तेव्हाच्या एका शनिवारी विलास त्यांना दवाखान्यात घेऊन आला. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले. सुधारणा नव्हती, पण बिघाडही नव्हता. मी घरच्यांवर चिडते, रडते, हे विलासनं सांगितलं. डॉक्टर आबांकडे वळून, घरातलं मोठं माणूस म्हणून, मोठ्या आवाजात म्हणाले, "बाबा, यांना अजिबात ताण नको. लक्षात ठेवा. ताण नाही पाहिजे."

आबांनी मान डोलावली. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झालेला मी पाहिला. मला तेव्हा उलगडा झाला नाही.

रविवारी सकाळी त्यांनी लिंबोणीचं आळं खणलं आणि तिला पहिलं पाणी दिलं. विलास दोनच्या पाळीला गेला, पूजा क्लासला गेली. आबा आतून पितळी तांब्या भरून घेऊन आले आणि माझ्यापुढे धरला.

"पी."

"आबा, चालत नाही मला."

"मला सांगू नगं. डाक्टरनं माझ्याम्होरं सांगितलंय, तान नको म्हनून. तुज्या नवऱ्यानं रेघा मारल्यात्या बाटलीला. मानसाला कुनी तान देतं व्हय इतका? पी, पोरी."

इथे माझी चोरी येते.

मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. डॉक्टर काय म्हणाले, आबांनी काय ऐकलं, घोटाळा कुठे झाला. एक वाक्य बोलायचं होतं. आबा, तो ताण वेगळा, मनाचा. दिवसभर माणसांना समजावून सांगणं हाच माझा धंदा, ही गाडी कोल्हारला जाते, तुमची मागची. मी ते वाक्य बोलले नाही. मी तांब्या घेतला, मान वर केली आणि प्यायले. पाणी हनुवटीवरून मानेच्या पट्टीवर सांडलं. तेवढं सुख मला लग्नात झालं नाही आणि पूजा झाली तेव्हाही झालं नाही. आबा समोर उकिडवे बसून बघत होते आणि त्यांचे डोळे भरले होते.

संध्याकाळी एक तांब्या. सोमवारी सकाळी एक. मग आणखी एक. "विलासला सांगू नका," हेही मीच म्हटलं.

सोमवार

सोमवारी दुपारी जेवण झाल्यावर मला आडवं होता येईना. आडवं झालं की श्वास कोंडायचा. बसलं तरी पुरेना. छातीत बुडबुडे वाजत होते. आबा पाठ चोळत होते आणि "काय हुतंय, काय हुतंय" म्हणत होते. पूजा आली, तिनं एकदा माझ्याकडे आणि एकदा ओट्यावरच्या तांब्याकडे पाहिलं आणि रिक्षा आणायला पळाली.

फुप्फुसांत पाणी भरलं होतं. नाकातोंडावर मास्क लावून तातडीनं मशीन जोडलं. मला भीतीचं एवढंच आठवतं, की छताकडे बघत मी मनात म्हणत होते, कडुनिंब अजून फुटला नाही.

पूजानं तांब्याचं विलासला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी विलास आबांना अतिदक्षता विभागाच्या दारात म्हणाला, आणि मला ते आत ऐकू आलं, "आबा, तुम्ही मारायला निघाला होता तिला." आबा म्हणत होते, "डाक्टर म्हनले, तान नको..." विलास म्हणाला, "अहो, ताण म्हणजे टेन्शन!"

मग आबांच्या चपला फरफटत दूर जाताना ऐकू आल्या.

माझ्या तोंडावर मास्क होता, हे खरं. पण संध्याकाळी तो काढला. तेव्हाही बोलता आलं असतं. विलास आत आला, माझा हात धरून म्हणाला, "आबांना काय कळतं गं, पण तू तरी..." मी डोळे मिटून घेतले. म्हाताऱ्या माणसावर ढकललं की आपण सुटतो. बुधवारी पहाटेच्या गाडीनं आबा काष्टीला निघून गेले.

फुलं

चार दिवसांनी घरी आले. पायरीवर एकटीच बसायला लागले.

पंधरवड्यानं लिंबोणी फुलली. आधी वास आला, मग फूल दिसलं. सकाळी दार उघडलं की तो वास घरात यायचा, मोरीपर्यंत जायचा. समोरच्या वहिनी येऊन म्हणाल्या, "बघा, एवढं वाळलेलं झाड फुललं. तुमचंही तसंच होणार." बिचारीनं प्रेमानं म्हटलं. मला संताप आला. झाडाला ताण देणारा माणूस झाडाला ओळखून असतो, त्याच्याजवळ बसून असतो. आणि ज्यानं दिला, ज्यानं सोडला, तो एक फूलसुद्धा बघायला इथे नव्हता.

शिवरात्र झाली. कडुनिंब पार नागवा झाला आणि मग शेंड्यांना तांबूस चकाकी आली, आबा म्हणाले होते तशी. कोकिळाचा गळा सुटला. ही बातमी सांगावी असं माणूस एकच होतं आणि ते फोन उचलत नव्हतं. वाटेकऱ्याकडून निरोप यायचा, बरं हाय म्हनत्यात. विलासलाही चैन नव्हतं, ते मला दिसत होतं. तो लिंबोणीला पाणी घालताना उगाच वेळ लावायचा. पण बापाला फोन करायचा, तर आधी काय म्हणायचं, तिथेच त्याचं घोडं अडत होतं. त्याची अडचण सोडवायला माझं एक वाक्य पुरेसं होतं. ते माझ्याच्यानं होईना. मशीनची मला एवढी भीती कधी वाटली नाही.

फाल्गुनात एका सकाळी लघवी नेहमीपेक्षा जास्त झाली. मी कुणाला सांगितलं नाही, खोटी आशा नको म्हणून. दुसऱ्या दिवशी आणखी. शीला सिस्टरनं काटा बघितला, परत बघितला आणि म्हणाली, "थांबा, मी डॉक्टरांना बोलावते." मग आठवड्यातून तीनदाची दोनदा झाली मशीन, दोनदाची एकदा, आणि पाडव्याच्या आधी मानेतली नळी काढली. डॉक्टर म्हणाले, "आता पाणी प्या. भरपूर प्या. गोळीला मात्र हात लावायचा नाही." त्यांच्या टेबलावरचा पेला मी तिथेच उचलून प्यायले. सगळे हसले, पूजानं टाळ्या वाजवल्या.

पाणी पाण्यासारखं लागलं. एवढंच. ज्याच्यासाठी तीन महिने जीव टाकला ते हेच का, असं वाटून मी खिडकीबाहेर बघत बसले.

काष्टी

पाडवा झाल्यावर मी एकटीच काष्टीला गेले. बसमध्ये प्रवासी म्हणून बसायची मला सवय नाही. दौंडच्या रस्त्याला ज्वारी निघून गेलेली, रानं मोकळी, मधेच एखादा पळस पेटलेला. प्रत्येक थांब्याला माझा हात बेलच्या दोरीकडे जात होता.

आबा ओसरीवर बसले होते. मला बघून उठले, परत बसले. बारीक झाले होते. आपल्याकडे दारात माणूस आलं की आधी पाणी पुढे करतात. आबांनी केलं नाही. म्हणाले, "बस. चहा टाकतो." लगेच घाबरून, "चहा चालतो का?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले. फार घोळवलं असतं तर परत गिळून टाकलं असतं, म्हणून एका दमात सांगितलं. "आबा, मला माहीत होतं. डॉक्टर मनाच्या ताणाचं बोलले होते, ते मला तेव्हाच कळलं होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तांब्या माघारी नेला असता, म्हणून मी सांगितलं नाही. आणि दवाखान्यात विलास तुम्हाला बोलला, तेव्हाही मी गप्प राहिले."

आबांनी पायाजवळची एक काडी उचलून मोडली. वाटलं, आता म्हणतील, जा. त्यांचा हक्कच होता.

"तान लागलेल्या मानसाला कुठं काय म्हाईत आसतं, पोरी," ते म्हणाले.

मी रडले. ओसरीवर, दिवसाढवळ्या, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल एवढ्यानं रडले. मग नाक पुसून म्हटलं, "आबा, पाणी द्या."

"न्हाई."

"डॉक्टरांनी सांगितलंय. कितीही प्यायचं."

"डाक्टरचं मला नगं सांगू. मला आईकायला येत न्हाई त्येंचं." ते हसले नाहीत आणि मलाही हसायला आलं नाही. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला, डोळ्यांजवळ धरून बराच वेळ एक बटण शोधलं आणि कानाला लावला. दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच ते आपल्या मुलाशी बोलत होते. ना खुशाली, ना काही. "इलास, मंदा आलीया हितं. पानी मागतीया. देऊ का?"

पलीकडून आधी कारखान्यातली घरघर मलाही ऐकू आली. मग विलासचा आवाज आला, चिरकलेला. "द्या, आबा. तुमच्या हातानं द्या."

आबांनी फोन तसाच ओसरीवर ठेवला आणि आत गेले. पेला भरून आणला, पण काठापासून दोन बोटं कमीच. मी पीत होते तेव्हा ते माझ्या गळ्याकडे बघत होते. "सावकास," म्हणाले. पेला रिकामा झाला. त्यांनी तो घेतला, त्यात बघितलं.

"आजून?"

मी मान डोलावली. ते परत आत गेले, आणि खाली पडलेल्या फोनमधून विलास विचारत होता, "आबा? आबा, प्यायली का ती?" मी फोनला हात लावला नाही. ते आबांनीच सांगायचं होतं.